मिसर ते कनान, मार्गे लातूर

माझा जन्म उदगीरचा, दिलं लातूरला, आणि लांब म्हणजे नांदेडपर्यंत गेले, तेही लेकीच्या बाळंतपणाला. पण आमचे भाडेकरू शांतवन कंडक्टर यांच्या मते मी आयुष्यभर मिसर देशात राहत होते. हे ते मला रोज सांगत. चहा पिताना सांगत, कपडे वाळत घालताना सांगत. एकदा मी न्हाणीत घसरून पडले आणि सून मला बगलेत धरून उठवत होती, तेव्हाही दाराबाहेर उभं राहून त्यांनी सांगितलं.

सकाळी गाठ पडली की दुसरा माणूस विचारतो, चहा झाला का, गुडघा कसा आहे. हे विचारत, "अक्का, आज कुठवर आलाव?"

सुरुवातीला मी सरळ उत्तर द्यायची. "न्हाणीपासून चुलीपर्यंत."

"म्हंजे मिसरातच हाय गाडी अजून," ते म्हणत. "बसा, बसा. घाई न्हाई."

असं म्हणून माझ्याच अंगणात मला बसायला सांगणारा हा माणूस मी काही वर्षं नव्हे, पोरांची लग्नं होऊन नातवंडं शाळेत जाईपर्यंत सहन केला.

शांतवनराव मूळ नांदेडचे. सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून झाली. रिटायर झाले तरी खाकी पँट सुटली नाही आणि खांद्यावरची चामड्याची पिशवीही सुटली नाही. फक्त पिशवीत तिकिटांच्या जागी पवित्र शास्त्र आलं. उंच, वाळलेला माणूस, शर्टाला कडक इस्त्री. घराणं पिढ्यान्पिढ्या ख्रिस्ती. आता ख्रिस्ती माणसं आमच्या गल्लीत आधीही होती, ती रविवारी चर्चला जात, नाताळाला आम्हाला करंज्या देत, आणि कोणाला कुठं राहता म्हणून विचारत नसत. कंडक्टरांचं तसं नव्हतं.

त्यांचं म्हणणं असं होतं. शास्त्रात जेवढी गावं आहेत ती कुठल्या नकाशात शोधायची नाहीत. ती माणसाच्या आत आहेत. जेवढी माणसं आहेत, राजे, मेंढपाळ, चोर, आंधळे, ती सगळी आपल्यातच बसलेली आहेत, कोणी खिडकीशी, कोणी दांडीला धरून. मिसर, शाळेत इजिप्त म्हणतात तो, म्हणजे जिथं माणूस दुसऱ्याच्या विटा थापत राहतो आणि त्यालाच संसार म्हणतो. फारो राजा म्हणजे आपल्यातला 'माझं माझं' करणारा. मग समुद्र, जो दुभंगून वाट देतो. मग रान, जिथं जुनं सुटलेलं असतं आणि नवं आलेलं नसतं. बरीचशी माणसं तिथंच म्हातारी होतात. आणि शेवटचा स्टॉप कनान, देवानं कबूल केलेला देश. तिथं माणसाला त्याचं खरं नाव मिळतं.

"हे महानंदा-महानंदा म्हणतात ते तिकिटावरचं हाय, अक्का. खरं नाव अजून तुमचं तुम्हालाच कळालं न्हाई."

"रेशनकार्डावर हेच हाय," मी म्हणायची.

हे एकदा ऐकायला बरं वाटतं. आमचे जंगमस्वामी पण देव आतच आहे म्हणून सांगतात. पण ते सांगतात, जेवतात, दक्षिणा घेतात आणि आपल्या मठात जातात. कंडक्टर अंगणातच राहत होते.

आणि त्यांना वेळकाळ नव्हता. लातूरला नळाला पाणी येणं म्हणजे काय, हे लातूरच्या माणसालाच कळेल. नळ आला की बाई पोळी तव्यावर टाकून पळते. अशा वेळी ह्यांची बादली भरून वाहायला लागायची आणि हे नळाशी उभे, पाण्याकडं बघत.

"कंडक्टर, तोटी बंद करा."

"अक्का, खडकातनं पाणी निघालं ते हेच. माणूस कोरडा झाल्याशिवाय आतला झरा..."

"झरा आत राहू द्या, तोटी बाहेर हाय. बंद करा."

मग ते तोटी बंद करत आणि मी रागावले हेसुद्धा शास्त्रात कुठं लिहिलंय ते सांगत.

भूकंपानंतर लातूरात आधी पत्र्याचे शेड उगवले, मग क्लास उगवले. बघता बघता गल्लीतल्या प्रत्येक घरानं अंगणात खोल्या काढल्या आणि खोल्यांत कॉट टाकल्या. अर्धापूरची, उमरीची, देगलूरची पोरं-पोरी गादी आणि पुस्तकांची पेटी घेऊन येऊ लागली. समोर चाँदभाई पिंजारी पूर्वी वर्षाला चार लग्नांच्या गाद्या भरायचे, आता त्यांच्या दुकानात कापूस डोळ्यांत जाईपर्यंत उडू लागला. माझा मुलगा बसवराज, घरचा बसू, यानं आमच्या तीन खोल्या पोरींना दिल्या आणि मी त्यांची मेस सुरू केली. अंगणाच्या कडेची चौथी खोली तेवढी कंडक्टरांकडं राहिली.

मी चपात्या लाटत बसले की ते दाराशी येऊन बसत. एकदा म्हणाले, "तुमच्यात मार्था लई जागी हाय, अक्का. मरीयाला जरा उठवा."

मी विचारलं, ह्या कोण. तर म्हणाले, दोघी बहिणी. घरी मोठा पाहुणा आला. मार्था रांधत राहिली, मरीया त्याच्या पायाशी बोलणं ऐकत बसली. पाहुण्यानं बसलेलीचं कौतुक केलं.

"मग पाहुणा जेवला कुठं?" मी विचारलं.

कंडक्टर उठून गेले. दिवसभर गप्प होते, असा दिवस माझ्या वाट्याला फार कमी आला. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "जेवला असंल, अक्का. लिहिलेलं न्हाई."

"लिहिणारा पण जेवून झोपला असंल," मी म्हटलं.

माझं मी बघून घेत होते, पण पोरींचं काय. ह्या क्लासच्या लेकरांना नाव विचारलं तर आधी बॅच सांगतात, मग टेस्टचे मार्क, मग कधीतरी नाव. ते कंडक्टरांच्या डोळ्यावर आलं. पोरगी डबा घ्यायला आली की हे विचारत, "तू कोण?"

"सकाळच्या बॅचची."

"तो टाइम झाला. तू कोण?"

"नीटची रिपीटर हाय, काका."

"ती फेरी झाली. फेरी म्हंजे तू न्हाई. तू कोण?"

तिसऱ्यांदा विचारलं की पोरगी डबा न घेताच खोलीत जायची. परीक्षा तोंडावर आलेली असताना लेकराला 'तू कोण' विचारू नये, हे मला चौथी शिकून कळतं, ह्यांना एवढा प्रवास करून कळलं नाही.

एका पोरीनं घरी फोन लावला की इथं एक आजोबा मला मी कोण म्हणून विचारतात. दुसऱ्या दिवशी उमरीहून तिचे वडील हजर. अंगणात पहिली गाठ कोणाशी पडावी, तर ह्यांच्याशी.

"आपण कोण?" कंडक्टरांनी विचारलं.

"मी ज्योतीचा बाप."

"ज्योती व्हायच्या आधी कोण होताव?"

तो बिचारा विचारात पडला. "आधी जिनिंगवर होतो. कापसाच्या."

"त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी नुसताच हिंडत होतो."

"हां," कंडक्टर खूश झाले. "ते रान. चाळीस-चाळीस वर्षं हिंडतात तिथं माणसं."

तो गृहस्थ स्वयंपाकघराच्या दारात आला आणि हळू आवाजात म्हणाला, "अक्का, हे घरमालक हाईत का? असतील तर पोरगी दुसरीकडं ठेवावी म्हणतो."

ज्योती गेली. तिच्यामागं तिची मैत्रीण गेली. बसूनं त्या रात्री जेवण केलं नाही.

कंडक्टरांची स्वतःची माणसं तरी त्यांचं ऐकून घेत असतील, असं मला वाटायचं. तसंही नव्हतं. त्यांच्या चर्चचे पाळकसाहेब तरुण होते, नगरकडून बदलून आलेले. ते एकदा माझ्याकडं आले आणि मी लिंगायत बाई आहे हे विसरून तक्रार करत बसले. नाताळच्या नाटकात कंडक्टरांना हेरोदाचं, म्हणजे तान्ही बाळं मारणाऱ्या राजाचं काम दिलं होतं. उंच माणूस, आवाज खणखणीत, मुकुट शोभून दिसला. पडदा वर गेला आणि हे पुढं येऊन म्हणाले, "हेरोद मी न्हाई. हेरोद तुमच्यात हाय." एवढ्यावर थांबले असते तर चाललं असतं. पण गाडीत तिकीट तपासतात तसे ते पहिल्या रांगेपासून बोट करत निघाले, "तुमच्यात हाय, तुमच्यात हाय, तुमच्यात जरा जास्त हाय." जरा जास्त निघाला तो चर्चचा खजिनदार.

"अक्का, तुम्ही सांगा त्यांना," पाळकसाहेब म्हणाले. "ती माणसं खरी होऊन गेली. याकोब देवदूताशी झुंजला, तो खराच लंगडत होता."

"मी काय सांगू," मी म्हटलं. "मला ते अजून मिसराच्या बाहेर काढीनात."

चाँदभाईंनी पण एकदा प्रयत्न केला. म्हणाले, "कंडक्टरसाब, मिसरातनं निघालेले मूसा आमच्यात बी हाईत. पन ते खरंच पान्यातनं गेले ना. त्यांचे पाय भिजले का न्हाई, येवढाच सवाल." कंडक्टरांनी त्यांना इतका वेळ समजावलं की दुकानातलं गिऱ्हाईक अर्धी भरलेली गादी टाकून गेलं.

तर असा माणूस. आणि बसूला आता ती चौथी खोली हवी होती. जुनी खोली पाडायची, तिथून जिना काढायचा, वर मोठा हॉल बांधायचा आणि पोरींसाठी दुप्पट कॉट टाकायच्या. हिशोब चुकीचा नव्हता. घर चालवायचं म्हणजे हे आलंच.

"आई, तू सांग त्यांना," बसू म्हणाला. "मी बोलायला गेलो की मला एसाव म्हणतात."

"एसाव कोण?"

"वाटीभर आमटीसाठी घर विकणारा कुणीतरी."

"मग खोटं काय म्हणाले," असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण मी गिळलं.

बसूचं आणखी एक म्हणणं होतं आणि ते बिनतोड होतं. कंडक्टर त्या खोलीत झोपतच नव्हते. खोलीबाहेर पत्र्याखाली त्यांची बाज असे, तिथंच ट्रंक, तिथंच स्टोव्ह. थंडीत बाजेवरच, पावसात बाज भिंतीला सरकवून वर पोतं ओढून. भूकंप झाला त्या साली आम्ही सगळेच अंगणात झोपलो होतो. लातूर गावात घरं फार पडली नाहीत, पण फडताळातली भांडी खाली आली त्या आवाजानं पुढं कितीतरी महिने छपराखाली डोळा लागत नव्हता. हळूहळू माणसं आत गेली. कंडक्टर आमच्याकडं राहायला आले ते त्याच दिवसांत, एकटे, आणि ते बाहेरच राहिले. आम्ही समजलो, भीती बसली असेल. तसे बरेच होते तेव्हा. कोणी कोणाला विचारत नसे.

"झोपायला बाज पुरते, तर खोली कशाला पाहिजे?" बसू म्हणाला.

मला एकच कळेना. ते जाणार कुठं? नांदेडला भावांची घरं त्यांच्याच पोराबाळांनी भरलेली. आणि लातूरात एकट्या म्हाताऱ्याला आता कोणी खोली देत नव्हतं. ज्या खोलीत तीन पोरं मावतात तिथं एक म्हातारा कोण ठेवील? आमच्याकडून निघाला की हा माणूस रस्त्यावरच जाणार, हे मला दिसत होतं आणि बसूलाही दिसत होतं. म्हणूनच तो मला पुढं करत होता.

मी गेले. चहा नेला, म्हणजे तोंड गोड करून सांगावं.

"कंडक्टर, खोली खाली करावी लागंल."

त्यांनी कप खाली ठेवला. डोळे भरून आले. मला वाटलं, समजलं एकदाचं.

"अक्का, हे तुम्ही म्हणालाव?"

"मीच म्हणाले. दुसरं कोण हाय इथं?"

"किती साल वाट बघितली मी. खाली केल्याशिवाय भरत न्हाई. तुम्ही मिसरातनं निघालाव, अक्का."

"मी न्हाई निघाले. तुम्ही निघायचं हाय."

"दोघांनी बी निघायचं. समद्यांनीच निघायचं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी गल्लीत पेढे वाटले. संध्याकाळपर्यंत बाया येऊन विचारायला लागल्या, "महानंदाक्का, कुठं चाललाव म्हनं? लेकीकडं का काशीला?" एकीनं तर, तुमच्या मेसचं गिऱ्हाईक मला द्या, म्हणून सांगून ठेवलं.

मग बसूनं गवंडी आणला, म्हणजे टेप बघून तरी कळेल. कंडक्टरांनी टेपचं दुसरं टोक स्वतः धरलं. गवंड्याला विचारलं, "पाया वाळूवर का खडकावर?"

"मामा, इकडं काळी माती. खडक लई खाली हाय."

"लई खाली हाय," कंडक्टर माझ्याकडं वळले. "बघा, अक्का. ह्याला कळालं." गवंडी जाताना बसूला म्हणाला, तुमचे इंजिनेर चांगले आहेत, सोमवारी पाडायला येतो.

सोमवार ठरला. चार दिवस राहिले आणि कंडक्टरांनी ट्रंकेचं झाकणसुद्धा हलवलं नाही. मला रागही येत होता आणि रात्री घास उतरत नव्हता, त्याचाही राग येत होता. शेवटी मी पाळकसाहेबांकडं गेले. म्हटलं, ह्या माणसाला सरळ बोललेलं कळत नाही. तुमच्या शास्त्रात घर सोडून गेलेलं आणि चांगलं झालेलं कोणी असेल तर सांगा. त्याच्याच भाषेत सांगते.

पाळकसाहेबांनी डोकं खाजवलं. मग म्हणाले, "रूथची गोष्ट आहे. परक्या मुलखातली सून होती. नवरा मेला, तर आपलं गाव सोडून सासूबरोबर गेली. म्हणाली, तू जाशील तिथं मी येईन. पुढं तिचं सगळं चांगलं झालं." आणि आवाज खाली आणून म्हणाले, "गंमत म्हणजे ही एक गोष्ट कंडक्टर कधी सांगत नाहीत. चर्चमध्ये तो भाग वाचायला घेतला की चष्मा पुसत बाहेर जातात. मला वाटतं, तिचा अर्थ त्यांना लागला नसावा."

मला आनंद झाला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला काहीतरी येत होतं जे ह्यांना येत नव्हतं.

सोमवारी सकाळी पोरींचे डबे गेले आणि मी पदर खोचून अंगणात आले. कंडक्टर बाजेवर बसून शर्टाचं बटन लावत होते.

"कंडक्टर, एक सांगा. मिसर झालं, मार्था झाली, हेरोद झाला. ही रूथ म्हंजे आपल्यात कोण?"

त्यांचा हात बटनावर थांबला. मी वाट बघितली. मला वाटलं, आता सापडला.

"रूथ आपल्यात कुणी न्हाई, अक्का," ते म्हणाले. "रूथ म्हंजे रूथ. माझी बायको."

मी बाजेच्या कडेवर बसले.

माझी सून एकदा त्यांना विचारून गेली होती, काका, मावशी कुठं असतात. ते म्हणाले होते, येणार हाय, परवाच्या गाडीनं. आम्ही दोघी चुलीपाशी बसून हसलो होतो. त्यांच्या बोलण्याचा सरळ अर्थ घ्यायची सवयच आमची गेली होती. एवढं एक ते सरळ बोलले होते.

"तेरणा नदीच्या काठाला तिचं माहेर," ते सांगू लागले. त्यांचा आवाज नेहमीचा होता, फक्त हात हलत नव्हते. "माझ्याच गाडीनं नेऊन सोडली. फाट्यावर उतरली. परवाच्या गाडीनं येते म्हनली. मी डबल बेल मारली, गाडी निघाली. आन् त्याच आठवड्यात जमीन हालली."

पुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तेरणेच्या काठच्या गावांचं काय झालं ते आमच्याकडं लेकरालाही माहीत आहे.

"मग ते गाव उठवून दुसरीकडं बसवलं," ते म्हणाले. "नाव तेच. सिमेंटची घरं, सरळ रस्ते. मी गेलो होतो बघायला. तिथं पाटी हाय, पन रूथ तिथं कधी राहिलीच न्हाई. जुन्या जागी गेलो तर बाभळी. तिथं पाटी न्हाई. मग ते गाव हाय तरी कुठं, अक्का? तुम्हीच सांगा. मी आपलं आत ठिवलं. आन् एक गाव आत ठिवलं, तर ते एकटं कसं खरं वाटंल? म्हून बाकीची बी आत आणावी लागली. मिसर, कनान, समदीच."

मला राग आला. खरं सांगते, त्या वेळी मला दुसरं काही आलं नाही, रागच आला.

"एवढी वर्षं मला फारो सांगत बसलाव. हे सांगता येत नव्हतं?"

"फारो सांगायला सोपा हाय, अक्का."

थोड्या वेळानं ते उठले. म्हणाले, "बसवराज म्हणतो ते बरोबर हाय. मी ट्रंक उचलतो. फकस्त एक इचारायचं होतं. दाराची कडी काढून नेऊ का? ती मी बसवलेली हाय."

"कोणती कडी?"

त्यांनी खोलीच्या दाराकडं बोट केलं. तेव्हा मला आठवलं. ही खोली बघायला ते भूकंपाच्या आधी एकदा आले होते. भाडेकरू येतो तो पाणी विचारतो, संडास विचारतो. ह्या माणसानं एकच विचारलं होतं, दार आतून लागतं का? मी म्हटलं होतं, बाहेरून कोयंडा आहे. मग महिन्याचं आगाऊ देऊन गेले आणि नंतर कोणी सुतार येऊन काही ठोकून गेला. मी चुलीपाशी होते, मी लक्ष दिलं नाही.

"नांदेडला आमचं घर म्हंजे एक सोपा," कंडक्टर म्हणाले. "तीन भाऊ, तिघांच्या बायका, आई. मधी पडदे. लगीन झाल्यापासनं तिनं मला काई मागितलं न्हाई. येवढंच म्हनायची, मला एक आतून कडी लागणारं दार पाहिजे. मी खोली ठरवली, कडी बसवली. आता तिला आणायची, येवढंच राहिलं होतं."

मी भाडेकरूच्या खोलीत कधी जात नाही. त्या दिवशी गेले. फरशी पुसलेली. एक खाट, तिच्यावर चादर, जिच्यावर कोणी बसलेलं नव्हतं हे बघूनच कळत होतं. खिळ्याला एक आरसा, बाईच्या उंचीला टांगलेला. कंडक्टरांना त्यात स्वतःच्या शर्टाची गुंडी दिसली असती, तोंड दिसलं नसतं. आणि दाराला आतून पितळी कडी, चिंचेनं घासलेली.

"ही लागते का तरी?" मी विचारलं.

"मला म्हाईत न्हाई," ते उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले. "मी कधी लावली न्हाई. मी आतून लावून झोपलो आन् ती आली तर?"

मी त्यांच्याकडं बघितलं नाही. दार ओढलं आणि कडी सरकवली. आधी अडली. मग जोर लावला तशी खाचेत बसली.

आत अंधार नव्हता, वरच्या झरोक्यातून ऊन येत होतं. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं, पण लांबचं असल्यासारखं. बसूची स्कूटर आली. मागून गवंड्याचं घमेलं जमिनीवर पडलं.

"आई कुठं हाय?" बसूनं विचारलं.

"खोलीत हाईत," कंडक्टर म्हणाले.

दार ढकललं गेलं. हललं नाही.

"आई, दार उघड. गवंडी आलाय."

"त्याला परत पाठव."

"परत? मग कधी बोलवू?"

"बोलवू नको. बांधायचं तर माझ्या खोलीवर बांध, जिना तिकडून काढ. ह्या खोलीला हात लावायचा न्हाई."

"आई, त्या खोलीत कुणी राहत बी न्हाई."

"मला म्हाईत हाय कोण राहतं ते. जा."

मग घमेलं उचलल्याचा आवाज आला, आणि स्कूटर फाटकातून बाहेर गेली. कंडक्टरही काही बोलले नाहीत, आणि हा माणूस न बोलता दाराबाहेर उभा राहतो हे मी पहिल्यांदाच अनुभवत होते. कडी काढायची मी घाई केली नाही. चांगली बसली होती.